जपूनरावाचे नवे पाटे

"मिस्त्री, एक विचारायचं होतं. असंच आपलं."

असंच आपलं म्हणून विचारणारा माणूस कधीही असंच विचारत नसतो, हे इतकी वर्षं गॅरेज चालवून मला पक्कं कळलेलं आहे. त्यातून विचारणारा जपूनराव असला की संपलंच. मी शटर वर करून अजून किल्ल्या खिळ्याला अडकवल्या नाहीत, तोवर हा दारात उभा. हात मागे बांधलेले, नजर माझ्या पान्यांच्या फळीवर.

"विचार."

"पुढचे पाटे उतरवायचे तर गाडी किती उचलावी लागते?"

"कुणाची गाडी?"

"कुणाचीही. समज, माझी."

"आणि उतरवणार कोण?"

"समज, मी."

"समज, मी तुला आत्ता हाकलून दिलं," मी म्हणालो, आणि चहा सांगितला. दोन.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकच्या चाकांवर पोलादाच्या लांब, वाकलेल्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात. त्यांना आम्ही पाटे म्हणतो. रस्त्याचा दणका आधी चाक खातं, मग पाटे खातात, आणि उरलासुरला आत बसलेला माणूस खातो. हे पाटे दाबात असतात. नीट आधार न देता बोल्ट सोडला, तर सुटलेला पाटा समोर हात आहे की तोंड आहे ते बघत नाही. पाटा म्हणजे गिळून ठेवलेला राग, माझ्यासारखा. फरक एवढाच की मी नुसता ओरडतो.

तर जपूनराव. हे त्याचं खरं नाव नव्हे हे तुम्ही ओळखलंच असेल. घरसामान हलवायचा त्याचा धंदा. कुणी एक घर सोडून दुसऱ्या घरात निघालं की हा आपला छोटा ट्रक घेऊन हजर. जिन्यावरून कपाट उतरत असतं, दोन माणसं घामाघूम झालेली असतात, आणि हा खाली उभा राहून ओरडत असतो, जपून, जपून, कोपरा जपून. बरं, कपाटाचं समजू शकतो. हा गादी उतरतानाही जपून म्हणतो. अहो, गादीला काय होणार आहे? पण नाही. एका गिऱ्हाइकानं ह्याचा नंबर मोबाईलमध्ये 'जपून' म्हणूनच घातला, तो त्यानं दुसऱ्याला दिला, त्यानं तिसऱ्याला. 'राव' मी जोडला. उगाच फुकटात मान.

पण माणूस खरोखर तसाच. गाडीच्या हौद्यात जुन्या गोधड्यांची चळत, प्रत्येकीची घडी कोपऱ्याला कोपरा लावून. लोकांचा आरसा त्यानं कधी हौद्यात घातला नाही. आरसा केबिनमध्ये, त्याच्या आणि वहिनींच्या मध्ये, शहाण्या पाहुण्यासारखा बसून जायचा. कुणाच्या घरातलं काही फुटलं तर ह्याला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

वहिनी म्हणजे त्याची बायको. लग्न झाल्यापासून दोघं एकाच गाडीवर. मोठं सामान त्याचं, स्वयंपाकघर वहिनींचं. त्या एकेक कप कागदात गुंडाळायच्या, झाकणं ज्याच्या त्याच्याबरोबर बांधायच्या, आणि एक खोकं वेगळं काढून ठेवायच्या. नव्या घरी पोचलं की पलंग अजून जोडायचे असायचे, पंखे लागलेले नसायचे, पोरं भोकाड पसरून बसलेली असायची. वहिनी तेवढ्यात ते खोकं उघडून त्या घरातल्या माणसांना त्यांच्याच कपांतून चहा द्यायच्या. त्या म्हणायच्या, भाऊजी, माणसाला आपल्या कपात चहा मिळाला की रडू थांबतं. ह्याचे पैसे त्या घ्यायच्या नाहीत. आणि गिऱ्हाइकं सांगायची ती कपाटाची गोष्ट सांगायची नाहीत, चहाची सांगायची. जपूनरावाला ह्याचा इतका अभिमान की जसा काही चहा त्यानंच केलाय.

मग ते झालं. काम संपवून दोघं रिकामी गाडी घेऊन परत येत होते. नेहमीचाच रस्ता, पण त्या आठवड्यात कुणीतरी तिथं नवा स्पीडब्रेकर घातलेला, ना रंग ना पाटी. वहिनी पायातली चप्पल शोधायला खाली वाकल्या होत्या. जपूनराव काहीतरी गंमत सांगत होता, स्वतःच हसत होता. रिकामा ट्रक उडतो कसा हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच माहीत. वहिनी वर गेल्या आणि खाली आल्या, आणि पाठीच्या मणक्याला चीर गेली.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बरण्यांना जपून म्हणणारा माणूस. आणि दणका बसला तो घरच्या माणसाला. त्याला काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. तेव्हापासून मी त्याला कुणाला गंमत सांगताना ऐकलेलं नाही.

वहिनी बरेच महिने झोपून होत्या. मग बसायला लागल्या, मग पाठीला पट्टा बांधून घरात हिंडायला लागल्या. ह्यानं स्वयंपाकघराच्या कामाला एक गडी ठेवला, चांगला होता बिचारा, पण एकाची झाकणं दुसऱ्याच्या डब्यांना लावायचा, आणि चहाचं तर नावच नको. त्या गड्याला जपूनराव शेजारच्या सीटवर बसू द्यायचा नाही. तिथं वहिनींची उशी ठेवलेली असायची. गडी मागे गोधड्यांवर बसून जायचा. एकदा तो मला म्हणाला, मालक जरा विक्षिप्त आहेत का? मी त्याला म्हटलं, तू तुझी झाकणं सांभाळ.

शेवटी एके दिवशी डॉक्टर म्हणाले, पाठ चांगली भरून आली आहे, गाडीत बसायला हरकत नाही, फक्त हादरे कमी बसतील असं बघा. जपूनराव तिथून नाचतच निघाला. पण बाहेर येताच वहिनी म्हणाल्या, "मला नाही बसायचं गाडीत आता." तो म्हणाला, "अगं, पण डॉक्टर म्हणाले." त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना बसवा मग." आणि चालू लागल्या. त्यानं आपल्या मनाशी हिशोब मांडला की ही हादऱ्याला घाबरते, हादरा गेला की भीती जाईल. म्हणून पाटे.

आता ह्यात मला राग येण्यासारखं काय होतं? सांगतो. त्या गाडीला त्याच्याखेरीज हात लागलाय तो फक्त माझा. क्लच मी भरलाय, गिअरबॉक्स मी उतरवलाय, मागच्या वर्षी ब्रेकचं सगळं काम मी केलंय. आणि इतक्या महत्त्वाच्या वेळी हा ताकाला येऊन भांडं लपवतोय.

"माझ्याकडे आण," मी चहा पिता पिता म्हणालो. "उद्या संध्याकाळपर्यंत देतो."

"तुझ्याकडे नाही द्यायची."

हे लागलं मला. खोटं कशाला बोलू.

"का? माझ्या हाताला काय झालं?"

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. गाडी मी चालवत होतो ना? मग पाटेही मीच बसवणार. पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत."

"ही काय शिक्षा घेतोयस का?"

त्यानं कपात बघितलं. त्या कपात आता काही उरलेलं नव्हतं.

"तिची पाठ आहे, मिस्त्री," तो म्हणाला. "दुसऱ्यावर टाकून मला झोप नाही लागायची."

"आणि तुझ्यावर टाकून लागेल?"

ह्यावर तो उठून गेला. मी दिवसभर पाने आपटत होतो.

पुढचे काही दिवस हेच. हा यायचा, 'असंच आपलं' करायचा, मी खेकसायचो, आणि खेकसता खेकसता सगळं सांगून टाकायचो. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. चाकांना उटी, म्हणजे लाकडी ठोकळे, लावायची. पाट्यांचा जुडगा अ‍ॅक्सलला आवळून धरतात ते यू-बोल्ट, ते शेवटी आवळायचे, गाडी चाकांवर उतरवल्यावर, आणि चारही सारखे. तो मान डोलवायचा. मी म्हणायचो, आणलेला माल तरी दाखव. तो म्हणायचा, बसवल्यावर दाखवीन. त्याला वाटत असावं की माल बघितला की मी हिसकावूनच घेईन. तशी भीती अगदीच चुकीची नव्हती.

मी वहिनींकडेही जाऊन आलो. त्या खिडकीपाशी ताठ पाठीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही सांगा त्याला. साठी उलटली, ह्या वयात ट्रकखाली लोळायचं काय खूळ? मी आहे ना."

"मी सांगून ऐकतायत होय?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं त्यांना, मला बसायचंच नाही, मग पाटे कशाला. त्यावर म्हणतात, बसशील. हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत."

"पण तुम्हाला खरंच नाही बसायचं?"

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. तिथून गाडीचं नाक दिसायचं. "चहा टाकू का, भाऊजी?" त्या म्हणाल्या. मी समजायचं ते समजलो, म्हणजे चुकीचंच समजलो. मला वाटलं, पाठ अजून दुखते.

शेवटी मीच हार मानली. गॅरेजमधल्या दोन लोखंडी घोड्या, गाडी उचलून ठेवायच्या, त्याच्या पुढ्यात आणून आदळल्या. म्हटलं, "ह्या ने. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरल्याचं मला कळलं, तर तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही." तो त्या घोड्यांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तू फार चांगला आहेस, मिस्त्री." मी म्हटलं, "निघ." सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशा माणसाला आणखी काय म्हणणार.

रविवारी दुपारी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, जरा येता का? सकाळपासून गाडीखाली होते. मग सगळं झालं म्हणाले, एक फेरी मारून आले. आल्यावर परत खाली शिरलेत. हाक मारली तर हूं म्हणतात. पण बाहेर येत नाहीत, आणि पान्याचाही आवाज येत नाही."

होतो तसा निघालो.

त्यांच्या घरामागे मोकळं आवार आहे, तिथं गाडी उभी. दोरीवर कपडे वाळत होते, भिंतीशी जुने पाटे रचून ठेवलेले, अगदी लहानमोठ्या क्रमानं. गाडी चारही चाकांवर नीट उभी होती. खालून दोन पाय बाहेर आलेले, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. हा माणूस ट्रकखाली शिरतानाही चपला काढतो.

मी आधी काम बघितलं. सवय. यू-बोल्ट सरळ, नट चारही सारखे बसलेले, नवे शॉकअप जागच्या जागी. काम चोख होतं, आणि हे म्हणायला मला जड जातंय. मग मी बंपरवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं. गाडी हललीसुद्धा नाही. परत टाकलं. छे. वाकून पाटे मोजले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्यापेक्षा जाड पाटे, आणि वर दोन जास्तीचे.

"कळलं ना तुला," खालून आवाज आला.

"कळलं."

"आधीपेक्षा कडक झाली."

"हो."

"कोपऱ्यावरच्या खड्ड्यात माझेच दात वाजले, मिस्त्री."

करायला गेला एक आणि झालं भलतंच. कुठल्याही दुसऱ्या दिवशी मी हसून हसून लोळलो असतो आणि वर्षभर त्याला चिडवलं असतं. पण तो आवाज ऐकून मला हसू येईना. मी गाडीखाली शिरलो आणि त्याच्या शेजारी उताणा पडलो. त्यानं एक जुनी गोधडी अंथरली होती, ती त्यानं माझ्याकडे थोडी सरकवली.

"दुकानात काय सांगितलंस?"

"त्यानं विचारलं, माल काय भरता? आता त्याला काय सांगू, बायकोला बसवायचंय म्हणून? मी म्हटलं, फार जोखमीचा आहे, जपावा लागतो. तो म्हणाला, मग हेच घ्या, कितीही ओझं टाका, वाकायचे नाहीत."

"आणि तू घेतलेस."

"चांगले नाहीत का?"

चांगलेच होते की. दगड वाहायचे असते तर ह्याहून चांगले मिळाले नसते. सगळा जन्म माणसानं ओझं वाहिलेलं, त्याच्या लेखी चांगली गाडी म्हणजे ओझ्याखाली न वाकणारी गाडी. मऊपणा त्याच्याकडे कुणी कधी मागितलाच नव्हता. वहिनींसाठी वाकणारे पाटे हवे होते, आणि हा बाजारातले सगळ्यात ताठ पाटे घेऊन आला होता, हौसेनं, निवडून.

"निघतील परत," मी म्हटलं. "त्यात काय एवढं."

त्यानं गोधडीचा कोपरा सरळ केला. मग म्हणाला, "तिला मी मोडलं, मिस्त्री. आणि नीटही करता येत नाही."

आणि तो रडायला लागला. आवाज न करता, वर अ‍ॅक्सलकडे बघत. मला अशा वेळी काही सुचत नाही. मला फक्त शिव्या येतात, त्या देण्यासारख्या नव्हत्या. मी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवून पडलो. हाताचं ऑइल त्याच्या शर्टाला लागलं.

चाकापाशी वहिनींची पावलं दिसत होती. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. पाठीमुळे त्यांना वाकता येत नाही, म्हणून त्या उभ्याउभ्याच बोलल्या. आम्हाला त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"भाऊजी, त्यांना सांगा, मी पाठीमुळे नाही थांबलेली."

जपूनरावानं मान तिच्या पायांकडे वळवली.

"दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी शेजाऱ्यांची कार मागून आणली होती. हे चालवत होते. चार हात गाडी गेली की ब्रेक. दुखलं का? खड्डा नाही, काही नाही, दुखलं का? मी नाही म्हटलं तरी तोंड असं करायचे की जशी मी आत्ताच पडलेय. घर येईपर्यंत पाठ राहिली बाजूला, मला ह्यांच्या तोंडाकडे बघवेना. तेव्हाच ठरवलं, आपण शेजारी बसायचं नाही. मी शेजारी असले की हे रोज तोच दिवस काढणार. त्यापेक्षा मी घरी बरी. मला काय आवडतं होय घरी बसायला? ती खिडकी बघून बघून डोळे दुखायला लागले माझे."

"मग मला सांगायचंस," जपूनराव म्हणाला.

"तुम्ही मला विचारलंत कुठे? तुम्ही पाठीला विचारलंत. उठता बसता पाठ कशी आहे, पाठ कशी आहे. मी कशी आहे ते एकदा तरी विचारलंत का?"

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण ट्रकखालून उठून जायला काही मार्ग नसतो.

"आणि आज सकाळपासून हे," वहिनी म्हणाल्या. "मी आत बसून प्रत्येक ठोका ऐकतेय. तो पाटा सुटून तोंडावर बसला असता, तर मी कुणाला विचारायचं होतं, दुखलं का म्हणून?"

दोरीवरचा एक शर्ट वाऱ्यानं वहिनींच्या खांद्याला लागत असावा, त्या तो बाजूला सारत होत्या, सावलीवरून कळत होतं. मग जपूनराव सरकत सरकत बाहेर निघाला. मी जरा आतच रेंगाळलो. यू-बोल्ट पुन्हा एकदा तपासले. काही गरज नव्हती.

बाहेर आलो तेव्हा तो तिच्यासमोर उभा होता, कपाळाला ग्रीस, हात कुठं ठेवावेत ते न कळून दोन्ही बाजूंना लांब धरलेले. वहिनींनी पदरानं त्याचं कपाळ पुसलं, त्यामुळे ग्रीस आणखी पसरलं.

"तू कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"कंटाळलेय," वहिनी म्हणाल्या.

मी घसा खाकरला. कुणीतरी खाकरायला हवंच होतं. म्हटलं, "जुने पाटे टाकून देऊ नकोस. त्यात तुटलेला एकही नाही, नुसते गंजून एकमेकांना धरून बसलेत. घासून, ग्रीस देऊन, टोकांचे रबरी बुश नवे टाकून तेच बसवू. शॉकअप तू आणलेत ते चांगले आहेत, ते राहू देत. आणि शहाण्या, वहिनींच्या सीटचा स्पंज कधी बघितलास का? पार चपटा झालाय. पाटे कितीही मऊ केलेस तरी त्या बसणार फळीवर."

त्यानं तो स्पंज कधी बघितलाच नव्हता. त्यावर उशी ठेवून रोज नुसता बघत बसायचा, पण उशी उचलून खाली हात घातला नव्हता.

मग त्यानं खाली पडलेला लांब पाना उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"तू कर, मिस्त्री."

इतके दिवस मी ह्याच वाक्यासाठी त्याच्याशी भांडत होतो. मी पाना घेतला. "गाडी उचल," एवढंच म्हणालो.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ते काम केलं. खाली मी, तो बाजूला उकिडवा बसून हातात हवं ते देणारा. मी मागायच्या आत द्यायचा. एकदाही जपून म्हणाला नाही, मला वाटतं त्याला बराच त्रास झाला असेल. वहिनी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आम्हा दोघांच्या वयाची चेष्टा करत होत्या. गाडी चाकांवर उतरवल्यावर डाव्या बाजूचे, म्हणजे वहिनी बसतात त्या बाजूचे यू-बोल्ट आवळायचे राहिले, तेव्हा मी पाना त्याच्या हातात दिला.

"हे तू आवळ. मी बघतो."

"नको."

"अरे आवळ, मी आहे ना इथं. कमी पडलं तर सांगेन, जास्त झालं तर शिव्या घालेन."

त्यानं आवळले. मी हात लावून बघितले. कमीही नव्हते आणि जास्तही नव्हते.

फेरीला निघताना वहिनींनी पाठीचा पट्टा बांधला, नव्या स्पंजवर बसून थोडं इकडे तिकडे सरकून बघितलं, आणि म्हणाल्या, "एक अट आहे. विचारायचं नाही."

"बरं," जपूनराव म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "मग माझीही एक. लपवायचं नाही."

"बरं."

मी मागे हौद्यात चढलो. नवं काम झालं की पाट्यांचा आवाज मागूनच नीट कळतो, एवढंच कारण होतं. केबिनच्या मागच्या बाजूला लहानशी जाळीची खिडकी आहे, तिच्याशी पाठ टेकून मी गोधड्यांवर बसलो. आवारातून गाडी निघाली, गल्ली ओलांडली, मोठ्या रस्त्याला लागली. खड्डे येत होते, जात होते. पाटे वाकत होते, परत सरळ होत होते. पुढे ते दोघं गप्प होते.

मग तो तोच रस्ता धरतोय हे माझ्या लक्षात आलं. मी वळून जाळीतून बघितलं. त्याची मान ताठ झाली होती, कानाच्या पाळ्या लाल. स्पीडब्रेकर समोर आला. त्याला आता कुणीतरी पांढरे पट्टे मारले होते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, मला वाटलं हा गाडी उभीच करणार. नाही केली. वेग कमी केला, जेवढा कोणीही करेल तेवढाच, आणि पुढची चाकं वर चढवली. मला पाट्यांकडे कान लावायचा होता. खरं सांगतो, पाटे वाजले की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

चाकं खाली उतरली. मागची चढली, उतरली. जपूनराव समोर बघत होता. तोंड उघडलं, मिटलं. त्यानं विचारलं नाही.

"दुखलं थोडं," वहिनी म्हणाल्या.

"बरं," जपूनराव म्हणाला, आणि वरचा गिअर टाकला.